जुने ते सोने? अमेरिकन स्पोर्ट्स मोटारींच्या बाजारभावाचे अर्धशतक

नवी मोटार विक्रेत्याच्या दालनातून रस्त्यावर आली की तिची किंमत उतरू लागते, हा जगभरचा अनुभव आहे. काही वर्षांत ती निम्म्यावर येते आणि अखेर एके दिवशी भंगाराच्या भावाने जाते. या नियमाला अपवाद ठरलेल्या मोटारींचा एक स्वतंत्र बाजार अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत उभा राहिला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत काही हजार डॉलरना विकल्या गेलेल्या कॉर्व्हेट, कोब्रा, मस्टँग यांसारख्या गाड्यांना आज लाखो डॉलरची बोली लागते. लिलावातील असे आकडे वर्तमानपत्रांत झळकले, की ‘जुने ते सोने’ ही म्हण आठवते. परंतु या बाजाराचा इतिहास नीट पाहिला, तर प्रत्येक जुनी गाडी सोने ठरत नाही, आणि सोने ठरलेल्या गाडीचा भावही कायम चढत राहत नाही, असे दिसते. निवृत्तीसाठी राखलेली पुंजी अशा गाडीत गुंतविणारे अनेक जण अमेरिकेत आहेत. त्यांच्या दृष्टीने हा फरक केवळ हौसेचा राहत नाही.

हौशीतून जन्मलेला उद्योग

अमेरिकन स्पोर्ट्स मोटारीचा इतिहास बहुधा शेव्हरोले कॉर्व्हेटपासून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून परतलेल्या सैनिकांना ब्रिटिश बनावटीच्या छोट्या, उघड्या टपाच्या गाड्यांची गोडी लागली होती. तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सने जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात कॉर्व्हेट मांडली. त्याच वर्षी जूनअखेर मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. सर्व पांढऱ्या रंगाच्या, आतून लाल, आणि फायबरग्लासच्या सांगाड्याच्या होत्या. किंमत होती ३,४९८ डॉलर. मात्र आत सहा सिलिंडरचे साधे इंजिन आणि दोन गिअरांची स्वयंचलित यंत्रणा असल्याने खऱ्या शौकिनांची निराशा झाली. १९५४ मध्ये तयार झालेल्या ३,६४० गाड्यांपैकी बऱ्याच विक्रीविना पडून राहिल्या, आणि १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच वर्षी व्ही-८ इंजिन आले आणि अभियंता झोरा आर्कस-डन्टॉव्ह यांच्या आग्रहाने गाडीला शर्यतीचे रूप मिळत गेले. बंद होण्याच्या उंबरठ्यावरील ही गाडी त्यामुळे वाचली.

१९६२ मध्ये टेक्सासचा माजी शर्यतपटू कॅरोल शेल्बी याने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसविले आणि कोब्रा जन्मास आली. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग सादर केली. २,३६८ डॉलरपासून मिळणाऱ्या या गाडीच्या बावीस हजारांहून अधिक मागण्या पहिल्याच दिवशी नोंदल्या गेल्या. त्याच सुमारास पॉन्टिॲक जीटीओने मध्यम आकाराच्या सांगाड्यात अवाढव्य इंजिन बसविण्याची रीत पाडली. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव मिळाले. काटेकोरपणे पाहता स्पोर्ट्स कार आणि मसल कार हे वर्ग वेगळे आहेत. पहिलीत हलकेपणा आणि वळणावरील पकड महत्त्वाची, तर दुसरीत सरळ रस्त्यावरील ताकद. परंतु जुन्या गाड्यांच्या बाजारात दोघींचे ग्राहक बरेचसे एकच असल्याने त्यांचे भावही हातात हात घालून चढले आणि उतरले.

पहिली घसरण

या गाड्यांचे सुगीचे दिवस फार टिकले नाहीत. शक्तिशाली गाड्यांवर विमा कंपन्यांनी जबर हप्ते आकारण्यास सुरुवात केली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ज्या कॉर्व्हेटच्या इंजिनाची ताकद १९६० च्या दशकात चारशे अश्वशक्तीच्या पुढे सांगितली जाई, तिचे मूळ इंजिन १९७५ मध्ये १६५ अश्वशक्तीवर आले. १९७२ पासून मोजणीची पद्धत बदलल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही घसरण खरी होती.

या काळात आदल्या दशकातील गाड्या निव्वळ ‘जुन्या गाड्या’ होत्या. गॅलनमागे जेमतेम दहा-बारा मैल जाणारे, विम्याला महाग आणि देखभालीला त्रासदायक असे वाहन कोणास हवे होते? महाविद्यालयीन मुले ती स्वस्तात घेत, शर्यतीत पळवीत, इंजिने जाळीत आणि दुसरी बसवीत. १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे कूपेची गोष्ट याबाबत बोलकी आहे. या गाडीच्या मागील काचेच्या मधोमध एक उभी पट्टी होती. तिने मागचे नीट दिसत नाही, अशी तक्रार झाल्याने १९६४ पासून कंपनीने ती काढून टाकली. १९६३ च्या अनेक मालकांनीही आपल्या गाडीची पट्टी कापून नव्या पद्धतीची अखंड काच बसवून घेतली, कारण त्यामुळे गाडी ‘नवी’ दिसे. पुढे हीच दुभंगलेली काच त्या वर्षाची ओळख ठरली आणि तिच्यामुळे १९६३ चे कूपे पुढील वर्षांच्या तशाच कूपेंपेक्षा महाग झाले. ज्यांनी पट्टी कापली, त्यांच्या गाड्यांना ती पुन्हा बसविण्याचा खर्च सोसावा लागला. त्या वर्षी असे १०,५९४ कूपे तयार झाले होते. सुमारे सव्वाचार हजार डॉलरच्या मूळ किमतीचे आजच्या महागाईत त्रेचाळीस हजारांच्या आसपास डॉलर होतात. सुस्थितीतील अस्सल गाडी मात्र आज एक लाख डॉलरच्या पुढे जाते.

भाव का चढले?

१९८० च्या दशकापासून चित्र पालटू लागले. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेली, ‘बेबी बूमर’ म्हणून ओळखली जाणारी पिढी चाळिशीकडे झुकली होती. मुले मोठी झाली, घराचे हप्ते फिटत आले आणि हातात पैसा खेळू लागला. तारुण्यात जी गाडी दुसऱ्याच्या दारात पाहून हळहळावे लागले, ती आता घेता येत होती. जुन्या मोटारींच्या बाजाराचे हे एक मूलभूत सूत्र मानले जाते. माणूस विशीत ज्या गाडीची स्वप्ने पाहतो, ती तो पन्नाशीत विकत घेतो. त्यामुळे एखाद्या गाडीचा भाव तिच्या वयापेक्षा तिच्या चाहत्यांच्या वयावर अधिक अवलंबून असतो.

या मागणीला आकार देणाऱ्या संस्थाही तयार झाल्या. मूळ बनावटीनुसार गाडी जुळवावी यासाठी निकष ठरविणारी कॉर्व्हेट जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे दर जानेवारीत भरणाऱ्या बॅरेट-जॅक्सनच्या लिलावाने दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणामुळे देशभर प्रेक्षक मिळविले. फ्लोरिडातील किसिमी येथे मीकम या लिलावगृहाच्या जानेवारीतील विक्रीत हजारो गाड्या येतात. घरबसल्या लिलाव पाहणाऱ्याला आपल्या अंगणातील गाडीचा भाव कळू लागला. २००३ ते २००७ या काळात मसल कारच्या किमती अक्षरशः उधळल्या. घरांच्या वाढत्या किमतींवर सहज मिळणारे कर्ज हेही त्याचे एक कारण होते.

२००८ च्या आर्थिक अरिष्टाने हा फुगा फोडला. सर्वांत मोठा फटका मधल्या प्रतीच्या मसल कारना बसला. ज्या गाड्या हजारोंच्या संख्येने निघाल्या होत्या आणि केवळ उधळलेल्या बाजारामुळे दुर्मीळ वाटत होत्या, त्यांना ग्राहक मिळेना. अतिदुर्मीळ गाड्याही सुटल्या नाहीत. कॅरोल शेल्बी याने स्वतःसाठी बनविलेली, दोन सुपरचार्जर असलेली १९६६ ची कोब्रा ‘सुपर स्नेक’ जानेवारी २००७ मध्ये ५५ लाख डॉलरना विकली गेली. तीच गाडी २०१५ मध्ये पुन्हा लिलावात आली, तेव्हा तिला सुमारे ५१ लाख डॉलर मिळाले. मधल्या आठ वर्षांतील महागाई जमेस धरली, तर तिच्या खऱ्या मूल्यात सुमारे एक पंचमांश घट झाली होती. जगात एकमेव असलेल्या गाडीची ही कथा, तर सामान्य गाड्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

दुर्मिळता आणि अस्सलपणा

एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी उभ्या केल्या तर ओळखू न येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक चाळीस हजार डॉलरना आणि दुसरी चाळीस लाखांना जाऊ शकते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९६७ ची कॉर्व्हेट ‘एल ८८’. शर्यतीसाठी तयार केलेले हे इंजिन जादा ९४७ डॉलर ९० सेंट भरून मिळे. सामान्य ग्राहकाने ते घेऊ नये, म्हणून कंपनीने कागदोपत्री त्याची ताकद मुद्दाम कमी, म्हणजे ४३० अश्वशक्ती दाखविली. प्रत्यक्षात ती पाचशेच्या पुढे होती. गाडीत रेडिओ मिळत नसे, हीटर नसे आणि तिला उच्च ऑक्टेनचे शर्यतीचे इंधन लागे. परिणामी त्या वर्षी फक्त २० गाड्या विकल्या गेल्या. त्यांपैकी एका लाल कूपेला जानेवारी २०१४ मध्ये स्कॉट्सडेल येथे ३८ लाख ५० हजार डॉलर मिळाले. ज्या उणिवांमुळे ती तेव्हा खपली नाही, त्यांनीच तिला पुढे दुर्मीळ केले.

१९७१ च्या प्लिमथ ‘हेमी कुडा’ या उघड्या टपाच्या गाडीचेही तसेच. विमा आणि इंधनाच्या कटकटीने तिच्याकडे ग्राहकांनी पाठ फिरविली आणि जेमतेम अकरा गाड्या तयार झाल्या. जून २०१४ मध्ये सिॲटल येथील लिलावात त्यांपैकी एक ३५ लाख डॉलरना गेली. १९६९ च्या ‘झेडएल १’ या ॲल्युमिनियम इंजिनाच्या कॉर्व्हेट तर दोनच विकल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एकीला जानेवारी २०२३ मध्ये ३१ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

एवढा फरक केवळ एका इंजिनामुळे पडत असेल, तर खोटेपणाला मोह पडणारच. साध्या गाडीत दुर्मीळ जातीचे इंजिन बसवून, त्यावरील आकडे घासून पुन्हा ठोकून आणि बनावट कागद जोडून ती अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार या बाजारात जुने आहेत. म्हणूनच ‘मॅचिंग नंबर्स’ या संज्ञेला येथे विलक्षण महत्त्व आहे. गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक एकमेकांशी जुळले, इंजिनाच्या ओतकामाची तारीख गाडीच्या उत्पादनाच्या तारखेच्या किंचित आधीची असली, तर ते इंजिन त्याच गाडीचे मानले जाते. इंजिन बदललेल्या गाडीची किंमत त्याच स्थितीतील अस्सल गाडीच्या तुलनेत बरीच खाली येते.

कागदपत्रांचे मोल त्याहून मोठे आहे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी उपलब्ध असून त्यावरून मिळणारा ‘मार्टी रिपोर्ट’ गाडी मुळात कोणत्या इंजिनाची आणि कोणत्या रंगाची होती, हे सांगतो. पॉन्टिॲकच्या नोंदीही मिळतात. शेव्हरोलेच्या बाबतीत मात्र अशा सरसकट नोंदी हाती लागत नाहीत. तेथे मूळ बिल, हमीपत्रासोबतची धातूची पट्टी किंवा कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर चिकटविलेला कागद हाच पुरावा असतो. टाकीच्या माथ्यावरील तो मळका, फाटका कागद टिकून राहिला असेल, तर गाडीच्या किमतीत हजारो डॉलरची भर पडते.

स्थितीनुसार गाड्यांची प्रतवारी सामान्यतः चार श्रेणींत केली जाते. प्रदर्शनातील निर्दोष गाडी पहिल्या श्रेणीत, आणि चालू पण डाग असलेली चौथ्या श्रेणीत. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि चौथ्या श्रेणीच्या किमतीत अनेक पटींचे अंतर असू शकते. गेल्या वीस वर्षांत या प्रतवारीच्या जोडीला एक नवा विचार आला. तो म्हणजे न हाताळलेल्या गाडीचा. रंग उडालेली, आसने झिजलेली, पण कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी चकाचक जीर्णोद्धार केलेल्या गाडीपेक्षा मोलाची ठरू लागली. गाडी कितीही वेळा नव्याने रंगविता येते, पण मूळ रंग एकदाच मिळतो, असा त्यामागील तर्क आहे.

इतिहासाचे मोल

प्रसिद्ध व्यक्ती, शर्यत किंवा चित्रपट यांच्याशी नाते असेल, तर बाजाराचे नेहमीचे हिशेब बाजूला पडतात. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळविलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरना विकत घेतली आणि काही वर्षे घरच्या कामासाठी वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, पण कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये किसिमी येथे तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. लिलावगृहाचे शुल्क धरून ही रक्कम ३७ लाख ४० हजार डॉलर झाली. गाडीवरील गंज आणि चित्रीकरणासाठी तिच्यात केलेल्या फेरफारांच्या खुणा तशाच होत्या. त्या पुसल्या असत्या, तर पुरावाच नाहीसा झाला असता.

पहिली कोब्रा कॅरोल शेल्बीने आयुष्यभर विकली नाही. १९६२ मध्ये हाताशी एकच गाडी असताना तो निरनिराळ्या मासिकांच्या परीक्षणांसाठी ती वेगवेगळ्या रंगांत रंगवून पाठवी. त्यामुळे कंपनीने बऱ्याच गाड्या बनविल्या आहेत, असा वाचकांचा समज होई. शेल्बीचे २०१२ मध्ये निधन झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये ती गाडी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. लिलावात विकल्या गेलेल्या अमेरिकन मोटारींचा तो तेव्हाचा विक्रम होता. २०१८ मध्ये १९३५ च्या एका ड्युसेनबर्गने २ कोटी २० लाख डॉलर मिळवून तो मोडला. तरीही युरोपीय गाड्यांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. १९५५ ची एक मर्सिडीज मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. अमेरिकन गाड्या बहुतांशी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाल्या, आणि त्यांचे चाहतेही मुख्यतः अमेरिकेतच आहेत, ही त्याची प्रमुख कारणे होत.

ठेवून दिलेल्या गाड्या

‘पुढे भाव येईल’ म्हणून नवी गाडी झाकून ठेवणाऱ्यांचा अनुभव या बाजाराचा सर्वांत कडू धडा आहे. १९७८ मध्ये कॉर्व्हेटने पंचविशी गाठली आणि इंडियानापोलिस ५०० या शर्यतीच्या प्रारंभी धावण्याचा मान तिला मिळाला. त्या निमित्ताने काळ्या-रुपेरी रंगातील विशेष आवृत्ती निघाली. तिची किंमत होती १३,६५३ डॉलर. मागणीची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या पहिल्या पानावर आली आणि लोक दुप्पट किंमत मोजून गाड्या घेऊ लागले. कित्येकांनी त्या न चालविता गॅरेजमध्ये ठेवून दिल्या. एकूण ६,५०२ गाड्या तयार झाल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे काही दशकांनीही त्या मुबलक होत्या. मूळ किमतीचे महागाईनुसार आज सुमारे पासष्ट हजार डॉलर होतात. चांगल्या स्थितीतील गाड्याही बहुतेक वेळा त्याहून कमी किमतीला विकल्या जातात. ज्यांनी दुप्पट मोजले, त्यांचा तोटा आणखी मोठा.

बारा वर्षांनी त्याचीच पुनरावृत्ती झाली. लोटसच्या मदतीने आखलेले इंजिन असलेली १९९० ची कॉर्व्हेट ‘झेडआर-१’ सुमारे ५९ हजार डॉलरना मिळत होती. काही विक्रेत्यांनी तिच्यासाठी एक लाखापर्यंत दर लावला. पुढे सहा वर्षांत ६,९३९ गाड्या निघाल्या, साध्या कॉर्व्हेटची ताकदही वाढत गेली, आणि २००० च्या दशकात ही गाडी मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी दराने मिळू लागली. जी वस्तू सर्वांनाच जपून ठेवाविशी वाटते, ती दुर्मीळ होत नाही. आज लाखोंना जाणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक त्यांच्या काळात कोणी जपून ठेवलेल्या नव्हत्या.

याला अपवाद नाहीत, असे नाही. फोर्डने १९६० च्या दशकातील ल माँ विजयांची आठवण म्हणून २००५ आणि २००६ मध्ये काढलेली ‘फोर्ड जीटी’ सुमारे दीड लाख डॉलरना विकली गेली. अशा ४,०३८ गाड्या निघाल्या. तिचा भाव मूळ किमतीच्या खाली फारसा आलाच नाही, आणि आज तो दुपटीहून अधिक आहे. १९८७ च्या ब्युइक ‘जीएनएक्स’च्या फक्त ५४७ गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांचेही मोल कित्येक पटींनी वाढले.

पिढी बदलली, पसंतीही बदलली

सध्या या बाजारापुढील सर्वांत मोठा प्रश्न वयाचा आहे. बेबी बूमर पिढीतील थोरले ऐंशीच्या घरात पोचले आहेत. घर लहान करताना, प्रकृती खालावल्यावर किंवा मृत्यूनंतर त्यांच्या गाड्या बाजारात येत आहेत, आणि त्या घेणारे त्याच प्रमाणात नाहीत. १९५० च्या दशकातील अनेक गाड्यांचे भाव त्यामुळे थंडावले आहेत. मुलांना वडिलांच्या गाडीविषयी जिव्हाळा असतो, पण ती ठेवण्यास जागा, चालविण्यास वेळ आणि कार्ब्युरेटर जुळवून देणारा कारागीर असतोच असे नाही. अशा वेळी कुटुंबाने ‘लाखाची गाडी’ म्हणून मनात धरलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांतील अंतर क्लेशदायक ठरते.

दुसरीकडे, १९८० आणि १९९० च्या दशकांत वाढलेली पिढी आपल्या स्वप्नातील गाड्यांकडे वळली आहे. १९९२ मध्ये आलेली डॉज व्हायपर हे त्याचे उदाहरण. दहा सिलिंडर, आठ लिटरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती, आणि दारांना बाहेरून मूठही नाही, अशी ही रांगडी गाडी पहिल्या वर्षी फक्त २८५ इतकी निघाली. मधल्या काळात तिचे भाव बरेच उतरले होते. २०१७ मध्ये उत्पादन थांबल्यानंतर ते पुन्हा वर आले. मात्र या पिढीच्या मनात जपानी गाड्यांनाही तेवढेच स्थान असल्याने तिचा सगळा पैसा अमेरिकन गाड्यांकडे वळत नाही.

जुने सांगाडे आणि नवी यंत्रणा यांचा मेळ घालणाऱ्या ‘रेस्टोमॉड’ गाड्यांना आलेली मागणी हाही याच बदलाचा भाग होय. बाहेरून १९६७ ची कॉर्व्हेट, आत आधुनिक इंजिन, वातानुकूलन आणि डिस्क ब्रेक, अशी गाडी कधीकधी मूळ साध्या गाडीपेक्षा महाग जाते. अस्सलपणाचे पुरस्कर्ते यामुळे व्यथित होतात. रोज चालवू इच्छिणाऱ्या ग्राहकाला मात्र ती सोयीची वाटते.

विक्रीची पद्धतही बदलली. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिंग अ ट्रेलर’ने २०१४ पासून इंटरनेटवर लिलाव सुरू केले, आणि २०२० मध्ये हर्स्ट या माध्यमसमूहाने ही कंपनी विकत घेतली. तेथे गाडीची शेकडो छायाचित्रे असतात आणि जाणकार उघडपणे दोष दाखवितात. दूरच्या गावातील मालकालाही देशभराचे ग्राहक मिळतात. खरी विक्री-किंमत सर्वांना दिसत असल्याने दलालांच्या मनमानीला आळा बसला. १९८४ मध्ये लाकडी नौकांचा विमा उतरविण्यापासून सुरुवात केलेल्या हॅगर्टी या मिशिगनमधील कंपनीची दरपत्रकेही आज व्यवहारात प्रमाण मानली जातात.

महासाथीनंतर

कोविडच्या काळात घरी बसलेल्या, हाती पैसा असलेल्या आणि स्वस्त व्याजाचा लाभ मिळालेल्या ग्राहकांनी २०२० ते २०२२ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव पुन्हा उंचावले. व्याजदर वाढल्यानंतर २०२३ पासून बाजार निवळला. अव्वल दर्जाच्या गाड्या तग धरून राहिल्या. मध्यम प्रतीच्या गाड्यांना मात्र पूर्वीचा भाव मिळेनासा झाला. २०१७ च्या अमेरिकी करकायद्याचाही येथे परिणाम आहे. त्यापूर्वी गुंतवणूक म्हणून घेतलेली एक गाडी विकून दुसरी घेताना नफ्यावरील कर पुढे ढकलण्याचा मार्ग संग्राहक वापरीत. २०१८ पासून ही सवलत स्थावर मालमत्तेपुरतीच उरली.

नफ्याचा हिशेब करताना ठेवण्याचा खर्चही मोजावा लागतो. जागेचे भाडे, विमा, दुरुस्ती, उभे राहून खराब होणारी रबरे आणि टायर, आणि विकताना लिलावगृहाचे शुल्क. काही ठिकाणी खरेदीदाराकडूनच दहा टक्के घेतले जातात. संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च सहज लाख डॉलरवर जातो, आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो विक्रीतून वसूल होत नाही. शेअर किंवा मुदतठेव झोपेतही व्याज देते, गाडी मात्र झोपेतही खर्च मागते.

आपल्याकडे

अमेरिकन मोटारी मुंबईला अपरिचित नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे. त्या मात्र कुटुंबाच्या वापराच्या गाड्या होत्या. आयातीवरील निर्बंधांमुळे कॉर्व्हेट किंवा कोब्रा येथे क्वचितच आल्या. भारतातील संग्रह म्हणूनच मुख्यतः संस्थानिकांच्या आणि ब्रिटिश अमदानीतील गाड्यांचे आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. या वाहनांचा व्यावसायिक वापर करता येत नाही. पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्यांपुरती असलेली आयातीची मुभा २०२५ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या सर्व गाड्यांना लागू झाली. त्यामुळे १९६० च्या दशकातील अमेरिकन गाड्यांना दार उघडले असले, तरी आयातशुल्काचा बोजा मोठाच आहे.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. या बाजारात हौसेला मोल मिळते खरे, पण ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या गाडीसाठी मिळेल, हे आधी सांगता येत नाही. पन्नास वर्षांचा अनुभव काही गोष्टी मात्र स्पष्ट करतो. त्या काळात कमी निघालेल्या, शर्यतीशी किंवा इतिहासाशी नाते असलेल्या आणि कागदपत्रांनी सिद्ध होणाऱ्या गाड्या पडत्या काळातही पूर्वपदावर येतात. हजारोंच्या संख्येने निघालेल्या गाड्या आपल्या चाहत्यांच्या पिढीबरोबर चढतात आणि तिच्याबरोबरच उतरतात. म्हणूनच या व्यवहारातील अनुभवी मंडळी नवख्यांना आवडणारी, चालविता येईल अशी आणि परवडणारी गाडी घेण्याचा सल्ला देतात. भाव वाढला तर लाभ, आणि नाहीच वाढला तर निदान गाडी चालविल्याचे समाधान पदरी पडते.